मानून टाकायचं, आपलं काय जातंय?

देवाचा विषय निघाला आणि गप्पा जरा तापायला लागल्या की कोणीतरी एकजण असतोच जो दोन्ही बाजूंना शांत करायला म्हणतो, अरे मानून टाकायचं, आपलं काय जातंय? असला तर फायदा, नसला तर नुकसान काहीच नाही. आणि गंमत म्हणजे यावर सगळे गप्प होतात, आस्तिकही आणि नास्तिकही, कारण हे ऐकायला इतकं व्यवहारी वाटतं की विरोध करणारा उगाच हटवादी दिसतो. मला मात्र हे वाक्य नेहमी खटकत आलंय. देव आहे म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही, नाही म्हणणाऱ्याशी तर नाहीच नाही, पण हा जो मधला 'सेफ साइड'वाला आहे ना, त्याचं नक्की म्हणणं काय हे मला कळेना, म्हणून मी त्याच्या हात धुवून मागे लागले (वाक्याच्या, माणसाच्या नाही).

तर या वाक्याचा सगळ्यात प्रसिद्ध मालक म्हणजे ब्लेझ पास्कल. सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, १६२३ चा जन्म आणि १६६२ ला गेला, म्हणजे चाळिशीसुद्धा बघितली नाही. तेवढ्यात या माणसाने काय काय करून ठेवलंय, वडील करवसुलीच्या कामात होते त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून विशीच्या आत बेरजा वजाबाक्या करणारं यंत्र बनवायला घेतलं, हवेच्या दाबावर प्रयोग केले, आणि मरायच्या वर्षी पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्यांवरून, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्यात त्याचा हात होता, म्हणजे आपल्या सिटी बसची आजीच म्हणायची. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्याचं जुगाराचं गणित.

जुगार म्हणजे तो स्वतः खेळायचा म्हणून नाही. त्याच्या ओळखीतल्या एका शौकीन गृहस्थाने त्याला एक कोडं घातलं होतं: दोघांनी सारखे पैसे लावून डाव मांडला आणि खेळ मध्येच थांबवावा लागला तर पैसे वाटायचे कसे? यावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा नावाचा दुसरा फ्रेंच गणिती या दोन डोक्यांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि संभाव्यतेच्या गणिताची पायाभरणी साधारण तिथूनच धरतात. पास्कलचं उदाहरण मला फार आवडतं. दोघांनी ३२-३२ मोहरा लावल्यात, जो आधी तीन डाव जिंकेल तो सगळ्या ६४ घेणार, आणि एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि आता खेळ बंद करायचाय. पास्कल म्हणतो पुढचा डाव पहिला जिंकला तर त्याला ६४ मिळतात, हरला तर बरोबरी होते आणि ३२ मिळतात, म्हणजे ३२ तर त्याच्या खिशात गेल्याच आहेत, उरलेल्या ३२ चं कोणालाच माहीत नाही म्हणून त्या निम्म्या करा. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. मिटलं भांडण. अजून न घडलेल्या गोष्टीची आजची किंमत काढता येते, हे तेव्हा लोकांना केवढं अजब वाटलं असेल.

आता हेच हत्यार हातात घेऊन तो देवाकडे वळला. वेगवेगळ्या कागदांवर खरडलेली त्याची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली छापली गेली, त्यातलंच हे एक. म्हणणं असं की देव आहे की नाही हे बुद्धीने ठरवता येत नाही (हे तो स्वतः मान्य करतो, हे लक्षात घ्या), पण तुम्ही जन्माला आलायत म्हणजे नावेत बसलेलेच आहात, डाव लावणार नाही असं म्हणायची सोय नाही. मग बघा, देव आहे धरून जगलात आणि तो निघाला तर मिळकत अनंत. नाही निघाला तर गमावलं ते मोजकं, मर्यादित. उलट नाही धरून जगलात तर जिंकूनही हाती लागणार ते मर्यादितच. अनंताला कितीही छोट्या शक्यतेने गुणा, ती शून्य नसली म्हणजे झालं, उत्तर अनंतच येतं. मग विचार कसला करताय?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते मी चाटच पडले. हे 'आपलं काय जातंय'पेक्षा फारच वरच्या दर्जाचं आहे, आपला सेफ साइडवाला अंदाजपंचे बोलतो आणि इथे हा बाबा गुणाकार करून दाखवतोय. पण थोडा वेळ गेला की एकेक शंका डोकं वर काढायला लागते.

सगळ्यात आधी सुचते ती शंका म्हणजे कुठला देव? तक्त्यात पास्कलने दोनच रकाने ठेवलेत, एक त्याचा देव आणि दुसरा काहीच नाही. दिदरो नावाच्या फ्रेंच विचारवंताने पुढच्याच शतकात एका ओळीत याचा निकाल लावला की हाच युक्तिवाद एखादा इमामही तितक्याच जोरात करू शकेल. झालं, आता रकाने वाढवत बसा. प्रत्येक धर्माचा एक, त्यातल्या प्रत्येक पंथाचा एक, काही देव असे की दुसऱ्या कोणाला भजलेलं त्यांना अजिबात चालत नाही, म्हणजे एकावर डाव लावला की दुसऱ्याचा राग ओढवलाच. सगळ्यांना थोडं थोडं भजून दोन्ही डगरींवर हात ठेवावा म्हटलं तर तेही जमत नाही. आणि हे झाले माहितीतले देव. असाही एखादा असू शकेल की ज्याला प्रामाणिकपणे 'मला पटत नाही' म्हणणारी माणसंच आवडतात आणि फायद्यासाठी लोटांगण घालणाऱ्यांचा तिटकारा आहे. अशक्य आहे का? शून्याहून थोडी जास्त शक्यता तर द्यायला लागेल ना, आणि शून्याहून थोडी जास्त म्हणजे पास्कलच्या हिशेबात पुन्हा अनंतच!

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स तर याहून पुढे गेला. जेम्स काही नास्तिक नव्हता, उलट १८९६ च्या त्याच्या एका गाजलेल्या भाषणात तो पुराव्याशिवाय श्रद्धा ठेवण्याच्या हक्काचीच बाजू घेतो, पण पास्कलच्या या डावाबद्दल तो म्हणतो की अशी हिशेब करून मुद्दाम धरलेली श्रद्धा आतून निर्जीव असेल, आणि आपण स्वतः देवाच्या जागी असतो तर नेमक्या याच भक्तांना त्या अनंत बक्षिसातून कटाप करण्यात आपल्याला विशेष मजा आली असती. हे वाचून मी मोठ्याने हसले होते. देव भावाचा भुकेला असं म्हणतात, त्याच्यापुढे जाऊन याने संभाव्यतेचा तक्ता ठेवायचा म्हणजे कमालच की.

बरं ते जाऊ दे, निव्वळ गणित म्हणून तरी हे टिकतं का? इथे एक भन्नाट गोष्ट आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगत सुटलेय. अॅलन हायेक नावाचा एक ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ आहे, त्याने २००३ साली या डावावर एक लेख लिहिला. मुद्दा असा की समजा तुम्ही ठरवलं, नाणं उडवू, छापा आला तर देव मानू, काटा आला तर नाही मानणार. आता या नाणेफेकीची किंमत काय? निम्म्या शक्यतेने अनंत, म्हणजे अनंतच. म्हणजे नाणं उडवणं हे सरळ मानण्याइतकंच फायद्याचं झालं की! नाणं कशाला, लॉटरीचं एक तिकीट घ्या आणि लागलं तरच मानायचं ठरवा, तरी अनंत. त्याहून पुढे, काहीच करू नका, नुसते लोळत पडा, पुढेमागे कधीतरी तुमचा आपोआप विश्वास बसेल याची काहीतरी बारीकशी शक्यता आहेच, तिलाही अनंताने गुणा. अनंत एकदा हिशेबात घुसला की सगळ्याच रस्त्यांची किंमत सारखी होऊन बसते, मग अमुक रस्ता धरा असं सांगायला पास्कलकडे उरतं काय? ज्या आकड्याच्या जोरावर तो जिंकणार होता तोच आकडा त्याचा हिशेब बुडवतो. यावर गणितवाल्यांनी डागडुजी करायचे प्रयत्न केलेत, वेगवेगळ्या प्रकारचे अनंत वापरून वगैरे, त्यात मी शिरत नाही, मला झेपतही नाही.

पण हे सगळं म्हणजे डोक्याचे खेळ. माझी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती अगदी साधी आहे. समजा गणित शंभर टक्के बरोबर आहे. मला पटलं. आता पुढे काय करू? उद्या सकाळी उठून विश्वास ठेवायला सुरुवात करू? कशी? मला कोणी सांगितलं की आत्ता बाहेर पाऊस पडतोय असं मान, मानलंस तर वाट्टेल ते देतो, तर मी तोंडाने म्हणेन हो पडतोय, छत्रीसुद्धा उघडेन, पण खिडकीतून लख्ख ऊन दिसत असताना 'मानणं' माझ्या हातात आहे का? फायदा किती मोठा आहे याचा आणि गोष्ट खरी आहे की नाही याचा काही संबंधच नाही. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने १७३४ मध्ये हेच ऐकवलं होतं, एखादी गोष्ट मानण्यात माझं हित आहे हा ती गोष्ट असल्याचा पुरावा नव्हे.

आणि पास्कलला हे माहीत होतं! म्हणूनच हा माणूस मला आवडतो. त्याच्या त्याच टिपणात समोरचा काल्पनिक माणूस काकुळतीला येऊन म्हणतो की हो रे बाबा, सगळं कबूल, पण मी असा घडलोय की मला विश्वास ठेवताच येत नाही, मग मी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे? यावर पास्कल आणखी पुरावे देत बसत नाही. तो म्हणतो, ज्यांचा विश्वास आहे त्यांनी सुरुवात कशी केली ते बघ, विश्वास असल्यासारखं वागायला लाग, तीर्थ घे, प्रार्थना म्हणव, हळूहळू होईल सगळं. आधी शरीराला सवय लाव, मन मागून येईल.

आता यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. रोज एखादी गोष्ट करत राहिलं की ती आपली वाटायला लागते हे कोणालाही ठाऊक असतं, माणसं नोकरीच्या ठिकाणची भाषा बोलता बोलता तसा विचार करायला लागतात, नाटकी हसता हसता खरंच बरं वाटतं कधीकधी. पण मग एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सवयीने तयार झालेला तो जो विश्वास, तो कोणाचा? जो माणूस हिशेब करून डाव लावायला बसला होता त्याचा, की हिशेब विसरून गेलेल्या दुसऱ्याच कोणाचा? कारण डाव यशस्वी व्हायचा तर 'मी डाव लावलाय' हे विसरावं लागणार, जोपर्यंत आठवण आहे तोपर्यंत ते नाटकच. म्हणजे स्वतःला फसवायचं, आणि मग फसवलंय हेही विसरायचं. बापरे. याला सोपा रस्ता कोणी म्हटलं?

त्यात आणखी एक कहाणी आहे. ज्या १६५४ साली ती मोहरा वाटायची पत्रं लिहिली गेली त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री, साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत, पास्कलला काहीतरी अनुभव आला. काय ते आपल्याला कळायला मार्ग नाही, पण त्याने ते लगोलग कागदावर उतरवलं, वर 'अग्नी' असा एकच शब्द, आणि खाली अब्राहमचा, आयझॅकचा, जेकबचा देव, तत्त्ववेत्त्यांचा आणि पंडितांचा नव्हे. हा कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला आणि शेवटपर्यंत जवळ बाळगला, कोणाला बोलला नाही, तो गेल्यावर नोकराला सापडला. म्हणजे बघा, जगाला देवाचा हिशेब शिकवणारा हा माणूस स्वतः हिशेब करून तिथे पोचलेलाच नव्हता. तो डाव त्याने स्वतःसाठी मांडलाच नाही, तो बहुतेक जुगाराची भाषा समजणाऱ्या त्याच्या त्या शौकीन मित्रमंडळींसाठी होता असं मला वाटतं, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावं म्हणून.

आणि त्याने स्वतः लावलं किती? जवळजवळ सगळं. गणित बरंचसं मागे पडलं, तब्येत तर कायम तोळामासा, तरी स्वतःचे आणखी हाल करून घेतले, त्याच्या बहिणीने लिहून ठेवलंय की तो अंगाला आतून टोकदार काटे असलेला पट्टा बांधायचा आणि मनात गर्व आला की कोपराने तो दाबायचा. मला हे वाचून त्रासच होतो, असं कोणी करू नये असंच वाटतं, पण एक आहे, 'आपलं काय जातंय' हा प्रश्न या माणसाला विचारायची माझी हिंमत नाही होणार. त्याचं बरंच गेलं होतं.

याच्यासमोर आमचा सेफ साइडवाला ठेवून बघा. त्याला अनंत पाहिजे पण लावायची चिल्लर. रविवारची झोप मोडायची नाही, खोटं बोलायचं सोडायचं नाही, कोणाचे बुडवलेले पैसे परत करायचे नाहीत, फक्त येताजाता नमस्कार चालू ठेवायचा. इन्शुरन्सचा सगळ्यात स्वस्तातला प्लॅन घ्यायचा, अटी वाचायच्या नाहीत आणि क्लेम मात्र पूर्ण मिळेल अशी अपेक्षा. पास्कलने सांगितलेला डाव हा नव्हेच. एवढ्या चिल्लरवर फिदा होणारा देव कुठल्या धर्मात सांगितलाय मला तरी माहीत नाही, उलट सगळीकडे त्याला माणसाच्या आतलं सगळं दिसतं असंच म्हणतात, मग हाही तक्ता दिसतच असणार की त्याला.

(इथे एक सांगायला पाहिजे, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेला माणूस, विमान हादरायला लागल्यावर डोळे मिटून काहीतरी पुटपुटणारा माणूस, यांना मी यात धरत नाहीये. ते डाव लावत नसतात. त्या वेळी कोणी संभाव्यता काढत नाही, तोंडातून जे निघतं ते निघतं, आईचं नाव निघतं तसंच. त्याच्यावर वाद घालणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.)

मग सेफ साइड हा विचारच टाकाऊ आहे का? तसंही मला म्हणवत नाही, कारण याचं एक भावंड आहे आणि ते मला पास्कलच्या डावापेक्षा पुष्कळ पटतं. संस्कृतात एक श्लोक फिरत असतो, संदिग्धे परलोकेऽपि त्याज्यमेवाशुभं बुधैः, यदि न स्यात्ततः किं स्यादस्ति चेन्नास्तिको हतः. परलोकाबद्दल शंका असली तरी शहाण्याने वाईट ते टाकावंच, नसला परलोक तर काय बिघडलं, असला तर नास्तिक मेला! शेवटचा फटका तोच आहे, धाक घालणारा, पण पहिली ओळ बघा काय मागते. विश्वास मागत नाही. वाईट वागणं सोडा एवढंच म्हणते. बुद्धाच्या नावावरही असा एक उपदेश पाली ग्रंथांत आहे, अपण्णक सुत्त, त्यात तो गावातल्या गृहस्थांना समजावतो की परलोक नाही असं धरून कोणी वाईट वागला आणि परलोक असला तर तो दोन्हीकडून गेला, इथे शहाणी माणसं नावं ठेवणार आणि तिथे दुर्गती, आणि चांगला वागला तर परलोक नसला तरी निदान इथे त्याची वाहवा होते.

डाव तोच, पण लावलेली वस्तू बदलली आणि सगळं चित्रच पालटलं. वागणं माझ्या हातात आहे, विश्वास नाही. उद्यापासून मी देव मानेन असं वचन मी देऊ शकत नाही, पण उद्यापासून अमक्याला लुबाडणार नाही असं देऊ शकते, मोडलं तरी ते मोडलं हे मला कळेल. कुठला देव हा घोळही बराच कमी होतो, कारण लुबाडू नका यावर निदान बहुतेकांचं एकमत आहे.

एका मैत्रिणीला हे सगळं ऐकवलं तर ती म्हणाली, म्हणजे शेवटी तूही हिशेबच करतेयस, फक्त पॉलिसी बदललीस. आहेच तसं. पण मी तिला म्हटलं एक फरक बघ. पास्कलच्या तक्त्यात सगळे रकाने माझे आहेत, मला काय मिळालं, माझं काय गेलं, तिसरं माणूसच नाही त्यात. मी मनातल्या मनात देव मानला आणि तो नसला तर कोणाला काही मिळालं नाही, मलाही नाही. आणि मी आयुष्यभर परलोकाच्या भीतीने का होईना कोणाचे पैसे बुडवले नाहीत, आणि परलोक नसलाच, तर माझा डाव फुकट गेला ठीक आहे, पण ज्याचे बुडवले नाहीत त्याचे पैसे तर त्याच्या खिशात राहिले ना, त्याला तर ते खर्चताही आले. ती म्हणाली, आणि त्याला कळणारसुद्धा नाही की तुझ्या डोक्यात परलोकाची भीती होती. म्हटलं, नाहीच कळणार, आणि त्याला त्याची काही गरजही नाही.